कपातलं अंडं

"हे तुला कुणी काढून दिलं?"

मालकीणबाई ओट्यावर खुर्चीत बसलेल्या. मी खाली फरशीवर. त्यांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला होता. त्यात दोन कोंबड्या होत्या. माझ्या कोंबड्या.

मी निरगुडसरची. मजूर बायांच्या टोळीबरोबर वारूळवाडीला द्राक्षबागेत विरळणीला जायचे. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे. मान वर करून करून दुखते. दुपारी भाकरी खाल्ली की वेलाखाली बसून मोबाइलवर बोटानं कोंबड्या काढते. त्या मालकांच्या अंगणात हिंडतात आणि माणसांवर बोलतात. इंटरनेटवर टाकते. हजारो लोक बघतात, हसतात. नाव कुठं घातलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकले, चारचौघांत तोंड उघडत नाही. कोंबड्या बोलतात तेवढं पुरत होतं.

मालकीणबाईही बघायच्या. "ह्या कोंबड्या लई चावट," म्हणत पाहुण्यांना वाचून दाखवायच्या. आम्ही तेव्हा गोठ्याजवळ उभ्यानं चहा प्यायचो. आमचे कप वेगळे. गोठ्याच्या भिंतीवर पालथे. पिऊन आपणच विसळायचे, परत पालथे घालायचे. ही रीत कुणी सांगत नाही. पहिल्याच दिवशी कळते.

मी तेच काढलं. एक कोंबडी अंडं घालायला जागा शोधत असते. दुसरी म्हणते, "भिंतीवरच्या कपात घाल. त्याला घरातलं कुणी शिवत न्हाई."

मालकीणबाई पोट धरून हसल्या. घरच्या ग्रुपवर पाठवलं. पुण्यातल्या लेकीनं खाली लिहिलं, "आई, हे आपलेच कप आहेत." मी काढलेला कप लाल काठाचा, दांडी तुटलेला. भिंतीची पडलेली वीटसुद्धा मी तशीच काढली होती.

मग टोळीला ओट्याखाली बसवलं. कुणी काढलं म्हणून विचारलं. साऱ्याजणींनी माझ्याकडं बघितलं.

"तुला धड बोलता येत न्हाई. तू काढलंस?"

त्यांचा मुलगा माझ्या पोरीच्या वयाचा. म्हणाला, "ए, काढून दाखव की मग. माझं तोंड काढ." मोबाइल माझ्या मांडीत टाकला. मालक हसले. घरी आलेल्या पाहुण्यानं खुर्ची पुढं ओढली, जत्रेतलं माकड बघावं तसं.

मी काढलं. नाक वाकडं आलं. सगळे हसले. तेव्हा रडू आलं नाही. नुसतं आडवं पडावं, असं वाटलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "ते अंड्याचं काढून टाक. आन् दुसरं घाल. कोंबडीला म्हणू दे, आमची मालकीण लई मायाळू. न्हाईतर उद्यापास्नं टोळीच नको."

आमच्यातली म्हातारी आक्का माझ्या कानाशी लागली. "टाक काढून, बाई. चित्रच हाय."

मी ते काढून टाकणारच होते. बोट तिथवर गेलंही होतं. तेवढ्यात आतून चहा आला. मालकीणबाई मला म्हणाल्या, "जा, तुमचे कप घेऊन ये."

एवढं सगळं त्या कपांवरूनच चाललं होतं. तरी त्या तसंच म्हणाल्या. त्यांना त्यात काही वाटलंच नाही.

"न्हाई काढून टाकायची."

कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले, "न्हाई काढून टाकायची. कप बी न्हाई आणायची." मग ऐकू गेलं.

टोळीचं काम गेलं. बाया घालूनपाडून बोलल्या. आक्का अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. मी फार दमलेय. हसवायचाही कंटाळा येतो. चित्र मात्र जिथं टाकलं तिथंच आहे.

आता खोडदच्या बाजूला नवी बाग मिळालीय. तिथंही गोठ्याच्या भिंतीवर कप पालथे आहेत. निळ्या फुलांचे. मी बघून ठेवलेत. ते काढणार. या वेळी खाली माझं नावही घालणार.