नावं ठेवणाऱ्या चौघी

दुसऱ्याला नावं ठेवू नयेत, असं आई जन्मभर सांगत आली. आणि मी या वयात तेच करायला रिक्षाने जाते, वर पेढे खाऊन येते!

आम्ही बारशाला पाळणे गातो. चौघी आहोत, सगळ्या नाशिकच्या, इंदिरानगरच्या. मी पेटी वाजवते. संध्या ढोलकी वाजवते आणि तोंडही वाजवते. प्रज्ञा आमच्यात लहान, शाळेत शिकवते. नावाचा अर्थ मोबाईलवर शोधायचं खातं तिच्याकडे. आणि गाणारी म्हणजे गोदाक्का. बाळाचं नाव गुंफून पाळण्याचं नवं कडवं तीच रचते. नाव कळलं की भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तेच घोळवत असते.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, 'कुर्र' करते आणि बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालतात. काही घरांत कानात एक नाव असतं, पाळण्यावर दुसरं. कानातलं बाहेर सांगत नाहीत. एवढासा कार्यक्रम, पण धड पार पडेल तर शपथ. स्वयंपाकघरात पिशव्या साठतात ना, एकीत दुसरी कोंबलेली, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. एक ओढली की चार बाहेर येतात.

* * *

मध्यंतरी मायरांची साथ आली होती. जाऊ तिथे मायरा! पहिल्या मायरासाठी गोदाक्काने फार खपून 'सोयरा'शी यमक जुळवलं. दुसऱ्या मायराला तेच कडवं गायलो. कोण लक्षात ठेवतंय?

तिसऱ्या मायराच्या बारशाला दुसऱ्या मायराची आजी पाहुणी म्हणून हजर! आम्ही 'सोयरा'वर आलो आणि बाई उठून उभ्या राहिल्या. "हा पाळणा आमचा आहे," म्हणाल्या. एकच साडी दोघींनी नेसल्यावर होतो तसा चेहरा केला होता त्यांनी. यजमानीणबाई आमच्याकडे बघायला लागल्या. संध्याने ढोलकी न थांबवता सांगितलं, "काकू, नाव सेम ठेवलंत, मग पाळणा वेगळा कुठून आणू?"

* * *

एका घरी शनाया होती. प्रज्ञाने सवयीने अर्थ विचारला. बाळाच्या आईने सांगितलं, सूर्याचा पहिला किरण. बाबांनी सांगितलं, शनिवारी जन्मलेली. दोघांनी वेगवेगळ्या वेबसाइट बघितल्या होत्या! प्रज्ञाने मोबाईल काढला, तर तिला तिसराच अर्थ सापडला.

हे सगळं पणजी ऐकत बसल्या होत्या. त्यांना त्यातलं 'शनि' एवढंच ऐकू आलं. त्यांनी काही वाद घातला नाही. दर शनिवारी मारुतीला जायला लागल्या. नातवाने विचारलं तर म्हणाल्या, "नाव तुम्ही ठेवलंय, तेल मी घालते."

* * *

गंगापूर रोडला एक अन्वी झाली. नाव चांगलं, कडवंही छान जमलेलं. पण अंकशास्त्रवाल्या गुरुजींनी स्पेलिंगमध्ये दोन 'एन' आणि दोन 'ई' घालायला सांगितले होते, तरच म्हणे पोरीची भरभराट. आत्या बँकेत कामाला, एकदम काटेकोर. तिला पेच पडला की दोन 'एन' कानात सांगायचे कसे?

शेवटी तिने बाळाच्या कानात अख्खं स्पेलिंग सांगितलं. ए, एन, एन, करत करत शेवटच्या 'ई'पर्यंत! तोवर पोर झोपून गेलं होतं. धपाटे घालणाऱ्या बायका हात वर करून ताटकळल्या ते वेगळंच.

* * *

हल्ली बारशाला इव्हेंटवाले असतात. आत्याच्या पदराला छोटा माईक लावतात, म्हणजे 'कुर्र' अख्ख्या हॉलला ऐकू जातं. एका हॉलमध्ये आत्या वाकली आणि स्पीकरमधून आवाज आला, "दादा, नाव काय ठरलंय रे?"

हॉल हसून लोळायचा बाकी होता. दादाने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे इंग्रजी अक्षरांच्या चकचकीत फुग्यांनी 'मीरा' लिहिलं होतं. पण त्यातला 'एम' मघाशीच सुटून छताला जाऊन चिकटला होता. आत्याने जे उरलं होतं ते वाचलं आणि ठणठणीत आवाजात 'ईरा कुर्र' करून मोकळी झाली. आता आजोळी ती मीरा आहे आणि घरी ईरा. पोरगी दोन्हीला हसते.

* * *

वणीच्या अलीकडे एका गावात बारशाला गेलो होतो. पाळणा सुरू करायचा तर गोदाक्का कुठे दिसेना. संध्याने ओसरीवरून हाक मारली, "अगं गोदाक्का!" चारी बाजूंनी म्हाताऱ्यांनी ओ दिली. एक तर भांडी टाकून बाहेर आली आणि विचारते, "कोणती गोदा पायजे? थोरली, धाकली का पोष्टातली? गोदा लय हाय आमच्याकं."

आम्ही हसलो. प्रज्ञाने बाजूला खेळणाऱ्या पोरींना विचारलं, तुमच्यात कोणी गोदावरी आहे का? त्यांनी एकमेकींकडे बघितलं. एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "बाई, गोदावरी नदी असते. ते नाव नसतं."

येताना गाडीत गोदाक्का खिडकीकडे तोंड करून बसली.

* * *

त्यामागची गोष्ट आम्हाला माहीत होती. गोदाक्का कळवणची. गावाजवळून वाहते ती गिरणा, पण तिचे वडील नाशिकला येऊन गंगेत, म्हणजे गोदावरीत, न्हाले, घरी गेले तर मुलगी झालेली. म्हणून नाव गोदावरी. शाळेतल्या पोरांनी त्याचं 'गोडाऊन' केलं. 'गोडाऊन आलं, दार उघडा' म्हणून चिडवायचे. तरी तिला नाव आवडायचं, कारण तिच्या आईने त्या नावावर एक कडवं रचलं होतं:

गोदा निघाली डोंगरी,
गोदा पोचली नगरी,
वाटेत भरी घागरी,
गोदावरी, जो जो.

मग लग्न होऊन नाशकात आली, आणि सासूचंही नाव गोदावरी निघालं! सुनेला हाक मारायची तर सासूचं नाव घेतल्यासारखं होणार. तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुमन' लिहिलं आणि विषय संपला. सासूबाई गेल्या तोवर रेशनकार्डापासून सगळीकडे ती सुमन झाली होती. गोदाक्का म्हणतो ते फक्त आम्ही.

इतक्या पोरींचे पाळणे गायलो, पण गोदावरी एकही आली नाही. ते कडवं फक्त त्याच नावाला बसतं. दुसरं नाव घातलं की लंगडतं. पूर्वी गोदाक्का काळी चारमध्ये गायची. आता मी पेटीवर सूर उतरवून काळी दोन धरते, तरी वरचा सूर लागताना तिचा चेहरा ओढतो. आवाज जायच्या आत एकदा ते कडवं खऱ्याखुऱ्या पाळण्यावर म्हणायचं, एवढीच तिची इच्छा होती. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

आणि तिला नात झाली.

तिने सुनेला, चैतालीला, नाव सुचवलं. वर गंमत म्हणून ते 'गोडाऊन'ही सांगून टाकलं. झालं! चैताली म्हणाली, "मग आई, तुम्हीच सांगा. माझ्या लेकीला कुणी गोडाऊन म्हटलेलं तुम्हाला चालेल का?" गोदाक्काने नाव मागे घेतलं. आपल्याच तोंडाने घालवलं, असं नंतर आमच्याकडे म्हणाली.

नाव ठरलं रेवा. प्रज्ञाने अर्थ सांगितला, रेवा म्हणजे नर्मदा. यावर मात्र गोदाक्का बोलली, "नदीच हवी होती, तर घरची सोडून तिथवर कशाला जायचं?" पण ते आमच्यापुरतंच. सुनेला एका शब्दाने दुखावलं नाही. रेवासाठी 'ठेवा', 'मेवा' घालून कडवं रचलं आणि चांगलं रचलं.

बारशाचा दिवस आला. आत्या म्हणजे गोदाक्काची मुलगी मेघा. पदराला माईक. मी सूर धरला, मेघा पाळण्यात वाकली आणि स्पीकरमधून सगळ्या हॉलने ऐकलं, "गोदावरी... कुर्र."

पेटीचा भाता माझ्या हातात तसाच राहिला. धपाटे घालायला जमलेल्या बायका थबकल्या. गोदाक्का घाबरून सुनेकडे बघायला लागली. तिला वाटलं, लेकीने परस्पर हा उद्योग केला आणि आता घरात भांडण लागणार. तेवढ्यात मेघा सरळ उभी राहिली आणि माईकवरच म्हणाली, "वहिनी, तू तर म्हणाली होतीस कानातलं कुणाला ऐकू जात नाही!"

चैतालीचा चेहरा लाल झाला. तिने नऊवारीचा पदर उगाच सारखा केला. "आता ऐकलंच आहे सगळ्यांनी," ती म्हणाली. "म्हणा ना आई, तुमचं ते कडवं. रेवाचं मग म्हणा."

गोदाक्काने तोंड उघडलं आणि तिला पहिली ओळच आठवेना! सगळी हयात जे घोळवलं, ते ऐन वेळी गेलं. ती नुसती पाळण्याची दोरी धरून उभी राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण रिक्षात, जिन्यात, लोकांच्या हॉलमध्ये पेढ्यांची वाट बघताना आम्ही ते इतकं ऐकलं होतं, की तिघींनीच सुरू केलं. संध्याचा सूर म्हणजे संध्याचा सूर. तरी कुणी हसलं नाही.

परवा सरावाला गोदाक्काकडे गेलो होतो. आतल्या खोलीत चैताली बाळाला न्हाऊमाखू घालून पावडर लावत होती. दार ओढून घेतलेलं होतं, पण आवाज बाहेर येत होता.

"कोण गं तू? रेवा का? अंहं. गोडाऊन! माझं गोडाऊन ते!"

आम्ही तिघींनी गोदाक्काकडे बघितलं. तिने पेटी माझ्याकडे सरकवली.

"काळी चार धर," म्हणाली.