टाकी लावलेलं वासरू

माझ्या माहेरी पाटे आणि जाती टाकवायचं काम होतं. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग टाकीने, म्हणजे लहान छिन्नीने, त्यावर पुन्हा खाचा पाडायच्या. मी चौथीतून शाळा सोडली आणि बापाजवळ बसून हे शिकले. दगड झिजला की टाकवायचा, एवढं मला पक्कं ठाऊक. त्यानेच घात केला.

सासरी, एरंडोलच्या बाजूला, आमच्या शेताला लागून काळ्या खडकाची उतरण होती. त्यावर बैल कोरलेले होते. मोठी वशिंडं, लांब शिंगं, अंग नुसत्या रेषेचं. कोणी कोरले हे गावात कोणी विचारत नव्हतं. खालच्या कडेला वीतभर वासरू होतं. त्याच्या पायाशी माझी पहिली मुलगी पुरलेली होती. अकरा दिवसांची गेली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात, आणि आमच्यात वर खूण ठेवत नाहीत. वासरू होतं म्हणून जागा माझ्या लक्षात राहिली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नंतर तीन मुलं झाली, सगळी जगली. तरी शेतात गेले की एकदा तिकडे बघून यायचे.

मग रस्त्यासाठी तो खडक फोडून खडी करायचं ठरलं. त्याच सुमारास जळगावच्या कॉलेजातली एक बाई बैल पाहायला आली. सकाळी ऊन तिरपं असताना आली. तेव्हाच रेषा दिसतात, ऊन चढलं की खडक कोरा. तिने पालथं पडून एकेक बैल पाहिला, फोटो काढले.

"आजी, हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे," ती म्हणाली. "मी पुरातत्त्व कचेरीतल्या साहेबांना आणते. त्यांनी जपायच्या जागांच्या यादीत घेतलं तर इथे कोणी सुरुंग लावू शकणार नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर फुटेल."

जाताना तिने बजावलं, तेल-शेंदूर कोणाला लावू देऊ नका. मी लावू दिलं नाही. एका बाईच्या हातातली तेलाची वाटी हिसकावली, ती वर्षभर बोलली नाही.

पावसाळा संपल्यावर निरोप आला, साहेब अमुक दिवशी बारा वाजता येणार. माझी थोरली जाऊ शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "बाराले काय दिखी तठे? तुन्हं कपाळ?"

ती चुकीचं बोलत नव्हती. साहेबाला कोरा खडक दिसला तर तो कशाला यादीत घेईल? मी पेटीतून टाकी काढली, धार लावून आणली आणि दोन दिवस सकाळी खडकावर बसले. जुनी रेघ बोटाने चाचपायची आणि तिच्यावरच टाकी चालवायची. एकही घाव बाहेर गेला नाही. काळ्या दगडावर पांढरे बैल उठले. वासरू शेवटी घेतलं. ते सगळ्यांत खोल केलं.

जाऊ चहा घेऊन आली. बघून म्हणाली, "माय वं! आते हाई वासरू उठीसन पळी!"

मी हसले. खाली कोण आहे ते तिला माहीत नव्हतं.

साहेब भर उन्हात आले. उकिडवे बसले, बोट ओलं करून रेघेवर फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"हे तर आत्ताचं काम आहे," ते म्हणाले.

बरोबर आलेली कॉलेजची बाई खाली बसली. "आजी, कोणी केलं हे?"

"मी. झिजलं होतं. दुपारी दिसत नाही म्हणून टाकवलं."

जाऊ मागून म्हणाली, "चांगलं दिखस ना, साहेब?"

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आजी, जुन्या कामावर वर्षानुवर्षं काळा थर चढतो. तोच त्याचा पुरावा. तो तुम्ही खरवडून टाकला. आता मी कागदावर काय लिहू?" बाईने मोबाइलमधले आधीचे फोटो दाखवले. त्यांनी पाहिले, दगडावरच थर नाही तर नुसत्या फोटोवर भागत नाही म्हणाले आणि गाडीकडे गेले. यादीत काही आलं नाही.

दिवाळीनंतर सुरुंग लागले. मी आणि जाऊ बांधावर उभ्या होतो. तीन बार झाले. मशीनने दगडाबरोबर खालची मातीही उचलली. चार दिवसांनी मी गेले तर जागा कळेना. एका दगडावर माझ्या टाकीचे घाव ओळखले. पण ते शिंग होतं, वासरू नव्हतं. टाकून दिलं. ती खडी आमच्याच रस्त्यावर पडली. दवाखान्यात जाताना मी तिच्यावरूनच जाते.

नंतर कॉलेजची बाई एकदा येऊन गेली. मला वाटलं भांडेल. तिने आधी काढलेला फोटो कागदावर मोठा करून आणला होता. मी खालची कडा बघितली.

"वासरू कुठे आहे?"

"ते नाही घेतलं, आजी. इतकं पुसट होतं की दिसतच नव्हतं."

"मला दिसायचं," मी म्हटलं. "दुपारीसुद्धा."