गाडी धुवायला माहेरी

आमच्या अपार्टमेंटमध्ये गाडी धुवायला बंदी आहे. बेळगावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, त्यात गाड्या कुठं धुणार? म्हणून गाडी घेतल्यापासून मी रविवारी सकाळी ती कंग्राळीला न्यायची. तिथं माहेर. वडील गेल्यापासून आई एकटी राहते. अंगण मोठं, परसात बोअर, आणि अंगणात दुपारपर्यंत आंब्याची सावली. उन्हात धुतलं की पाणी जागीच सुकतं आणि रंगावर पांढरे ठिपके राहतात, हे मला एकदा गाडी खराब करून कळलं होतं.

नळीनं आधी धूळ उतरवायची, मग शाम्पूचा फेस करून टपापासून खाली यायचं, चाकं शेवटी. पुसायला आई तिची जुनी सुती लुगडी फाडून ठेवायची. मी एका बाजूनं पुसायची, ती दुसऱ्या. मग भाकरी, आमटी आणि बाराच्या आत मी परत. शाळेच्या वह्या तपासायच्या असायच्या.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी नळी उचलली, तर आई लगबगीनं पुढं आली.

"आज नळी नको गं. बॅरल भरून ठिवलाय, बादलीनं धू."

मी का म्हणून विचारलंही नाही. बादल्यांवर बादल्या ओतल्या. फेस नीट गेला नाही असं वाटून दारं पुन्हा धुतली. बॅरलच्या तळाला उरलेलं पाणी चाकांवर उपडं केलं. आई पुसायचे कपडे पिळत होती, पण उजवा हात जपून वापरत होती. तेही मी पाहिलं आणि विचारलं नाही.

ती भाकरी थापायला आत गेली, तेव्हा शेजारची काकी कुंपणाशी आली. ओल्या अंगणाकडं बघत म्हणाली, "झाली व्हय धुवून? बरं झालं बाई. बोअरची मोटार जळून चार दिस झालं. काल दिवसभर तुझी आई इहिरीचं पाणी वडत हुती. म्या म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणती, लेक येणार हाय."

सार्वजनिक विहीर गल्लीच्या टोकाला आहे. तिथून घागर कमरेवर घेऊन यायचं म्हणजे चढ लागतो. अंगणातलं पाणी अजून गटारीकडं वाहत होतं.

मी चुलीपाशी जाऊन बसले. "आई, मोटार जळली हे मला सांगितलं न्हाईस?"

तिनं भाकरी उलटली. "पाणी न्हाय म्हटल्यावर तू कशाला आली असतीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिनं फक्त विचारलं होतं. आणि मी खोटंसुद्धा बोलू शकले नाही.

त्याच आठवड्यात मोटार दुरुस्त करून घेतली. पुढच्या रविवारी गाडी वॉशिंग सेंटरला धुवून घेऊनच मी कंग्राळीला गेले. तिला मोकळेपणानं भेटावं, एवढाच हेतू. पण चकचकीत गाडी बघून तिचा चेहरा उतरला. पुसायचे कपडे तिनं कट्ट्यावर काढून ठेवले होते, ते उचलून आत नेले. आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि बोलायला काही सुचेना. इतक्या रविवारांत आम्ही गाडीशिवाय दुसरं काय बोललो होतो?

"चल, मावशीकडं जाऊन येऊ," मी म्हणाले.

मावशी खानापूरच्या पुढं, रानाकडच्या एका गावात राहते. आई गाडीत बसताना चपला हातात घेऊन बसली, आत माती नको म्हणून. एवढे महिने जी गाडी तिनं माझ्याबरोबर पुसली, तिच्यात ती त्या दिवशी पहिल्यांदाच बसत होती.

दोघी बहिणी दुपारभर बोलल्या. येताना वळवाचा पाऊस लागला. कच्च्या रस्त्यावरचा तांबडा चिखल काचेपर्यंत उडाला. घरी उतरल्यावर आई गाडीभोवती फिरली, तिनं दारावरून बोट ओढून बघितलं.

"लई घाण झाली की गं," ती म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "आता आयतवारी तुला यायलाच लागंल."

मी हो म्हटलं, पण तिच्याकडं बघून म्हणता आलं नाही.