घण कोणी मारायचा

आम्हा फिरत्या लोहारांत घण बाईनं मारायचा. नवऱ्यानं ऐरणीपाशी बसून तापलेलं लोखंड चिमट्यात धरायचं, लहान हातोडीनं ठोका देऊन जागा दाखवायची, आणि बायकोनं उभं राहून नेमका तिथंच घाव घालायचा. घण कोणालाही मारता येतो, लोखंड धरायला अक्कल लागते, असं सासरे म्हणत. त्यांनी स्वतः घण कधी उचलला नाही.

लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेना, तेव्हा आम्ही वाशीमहून मोडक्या मोटारींच्या स्प्रिंगांचे पाटे आणून त्यांचे विळे करू लागलो. ते लोखंड भारी हट्टी. पिवळं आहे तोवर वळतं; लाल पडल्यावरही ठोकत राहिलं तर पातं तडकतं. रंग ओळखायचं काम धन्याचं, आणि त्याच वर्षी आमच्या धन्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू वाढला.

ते आधी मला कळलं. लाल पडलेल्या पात्यावर ते ठोका देत आणि मी घण उचलून तशीच थांबे.

"काहून थांबली?"

"थंडं झालं."

"मले तर पिवळंच दिसून राह्यलं."

मग भाता ओढता ओढता, घण उचलता उचलता मी त्यांना हळूच रंग सांगू लागले. गावोगाव बोभाटा झाला तर आमच्याकडे काम कोण आणेल, या धास्तीनं माझी झोप उडाली होती. पण शिरपूरच्या बाजारात गलका फार. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं नाही, ते ठोका देतच राहिले; गिऱ्हाइकासमोर मला थांबता येईना, मी घण मारला आणि विळा तडकला.

"तुह्या लोहाराले दिसत नाई काय, बाई?" विळ्यासाठी थांबलेला शेतकरी मोठ्यानं म्हणाला. आजूबाजूचे वळून बघू लागले. मला त्या माणसाचा राग आला.

धनी उठले. चिमटा आणि हातोडी माझ्या हातात दिली आणि घण घेतला.

"तू बस. तू दाखव."

आमच्यात बाई ऐरणीपाशी बसत नाही. मी बसले. दुसरं पातं तापवलं, पिवळं होताच ऐरणीवर धरलं आणि ठोका दिला. घण वर गेला तो खाली येईना. आता घणाखाली माझा हात होता, आणि त्यांना तो धड दिसत नव्हता. मला भीती वाटत होती. पातं लाल पडू लागलं.

"हात कुठी हाय तुहा?"

"चिमट्यावर. मारा तुमी."

त्यांनी मारला. घाव ठोक्याच्या जागीच बसला.