किल्ल्या लालबागात, घरं गावात

हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याखाली एक डबा असतोच. बिनकुलपाच्या किल्ल्या, बिनकिल्लीची कुलपं, जोडीदार हरवलेली बिजागरी... विकलं जात नाही आणि टाकवत नाही. किश्शांचंही तसंच. लालबागच्या माझ्या दुकानात दर रविवारी आमच्या गावच्या मंडळाची बैठक भरायची आणि बैठक उठली की डब्यात एखादा किस्सा पडलेला असायचाच. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दिलं. तेव्हा लिहिण्यात चूकभूल झाली तर गिऱ्हाइकांकडे बघा!

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हाची ही गोष्ट. संध्याकाळी सभा, मोर्चा. रविवारी गावाची बैठक.

* * *

आमचं गाव कोकणातलं. बाजारपेठ, पोस्ट, एसटीचा थांबा आणि मंडळाच्या खटपटीनं उभं राहिलेलं हायस्कूल. त्या हायस्कुलाचे हेडमास्तर एका रविवारी घामाघूम होऊन दुकानात आले.

"शास्त्राचा तिसरा मास्तर पळाला," ते म्हणाले. "राहायला जागा नाही. बिचारा वर्गातच झोपायचा. सकाळी मुलं प्रार्थनेला उभी राहायची तेव्हा फळ्यावर ह्याचा पंचा वाळत असायचा! जूनपर्यंत मास्तर मिळाला नाही आणि टिकला नाही, तर अकरावीचा वर्ग बंद. पोरं मॅट्रिकला मुकणार."

मंडळाचे अध्यक्ष दादा राणे, गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम. आवाज असा की मोर्चात त्यांना भोंगा लागत नसे. ते उसळले, "म्हणजे काय? अख्ख्या गावात घर नाही?"

"घरं आहेत की! निम्मं गाव कुलूपबंद आहे. गणपतीला उघडतं, शिमग्याला उघडतं."

"मग अडलंय कुठे?"

हेडमास्तरांनी हात जोडले. "दादा, किल्ल्या तुमच्याकडे आहेत!"

* * *

किल्ली द्यायची म्हटल्यावर सगळ्यांना एकदम नवीन घरं बांधायचा उत्साह आला. पुढच्या रविवारी प्लॅन तयार! गावाबाहेर मोकळा माळ, हवी तेवढी जागा. आणि आमच्या गिरणीवाल्यांनी काढलं काय? दोन्हीकडे खोल्या, मध्ये अंधारा पॅसेज, टोकाला एक नळ! नळाजवळची खोली कुणाची, यावर भांडणही झालं. गावात नळ यायचाच होता!

मी म्हटलं, "अरे, एवढा माळ पडलाय, भिंतीला भिंत कशाला?"

तर दादा म्हणाले, "शेठ, शेजाऱ्याचं भांडण ऐकू आलं नाही तर झोप लागेल का माणसाला?"

* * *

प्लॅन बारगळला आणि गाडी परत किल्ल्यांवर आली. मग सबबी सुरू. एकाचे चुलते तयार नाहीत, एकाच्या घरात देव आहेत, एकाच्या घरात तर चक्क भूत!

"गणपतीत तू बायकापोरांसकट तिथेच राहतोस ना?" मी विचारलं.

"तेव्हा तो बाहेर झोपता!"

एकानं मलाच धरलं. "शेठ, कुलपं विकणारा तू, आणि उघडा म्हणून सांगणारापण तूच? धंदा बुडवशील!"

"वेड्या," मी म्हटलं, "घर उघडं राहिलं की दार हलतं. दार हललं की बिजागरी झिजते. बिजागरी पण मीच विकतो!"

* * *

मास्तर मात्र मीच शोधला. डिलाईल रोडच्या चाळीतला वसंत कांबळे, बी.एस्सी. वडील गिरणीत दादांच्याच खात्यात. घरच्यांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतलेली. पोरगा असा तरतरीत की बैठकीत दहा मिनिटांत त्यानं मला माझ्याच दुकानातलं लोखंड का गंजतं ते शिकवलं. सगळे खूश. मास्तर पसंत!

"राहणार कुठे?" सुट्टी म्हणून मुंबईतच थांबलेल्या हेडमास्तरांनी विचारलं.

झालं! एकाचं छप्पर गळायला लागलं. तेच, ज्याच्या नव्या मंगलोरी कौलांचं कौतुक आम्ही महिनाभर ऐकत होतो. दुसऱ्याला बाजारात जायचं आठवलं. खरं कारण बोललं कुणीच नाही, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. कांबळेलाही कळलं. तो चपला घालू लागला.

तेवढ्यात खिळ्यांच्या पिंपावर बसलेली यशोदाबाय उठली. ही आमच्या गावची म्हातारी, विधवा. लालबागात खानावळ चालवायची. मंडळातले निम्मे लोक तिच्या हातचं जेवून जगलेले. गावातलं सगळ्यात मोठं घर तिचंच, आणि त्याला कुलूप.

"काय रे," ती कडाडली, "काल मैदानात घसो फोडून इलात. तुमका मुंबय व्हयी, बेळगाव व्हया, कारवार व्हया! आणि मास्तराक एक घर देवचा म्हटल्यार तोंडां शिवली? आधी आपलो गाव तरी संयुक्त करा रे, मेल्यांनो!"

तिनं कनवटीची किल्ली काढून कांबळेच्या पुढे धरली.

कांबळेनं हात पुढे केला नाही. "आजी, मला उपकार नकोत. भाडं घेणार असाल तर येतो."

"म्हयन्याच्या म्हयन्याक घेतलंय! माझी खानावळ काय धर्मशाळा आसा?" म्हातारी म्हणाली. "पण सांजेक घरात दिवो लावशील मां?"

"लावीन की. माझा दिवा उशिरापर्यंत जळतो. वाचत असतो मी."

"मगे आणि काय व्हया!"

किल्ली त्यानं घेतली.

* * *

जूनमध्ये कांबळे गावी गेला. आठवड्यानं पत्र आलं: 'शेठ, तुमचं कुलूप उत्तम. किल्ली लागली नाही म्हणून दगडानं ठोकलं. कोयंडा तुटला, चौकट हलली, कुलूप अजून तसंच आहे.'

हे पत्र मी बरीच वर्षं दुकानात फ्रेम करून लावलं होतं. एवढी चांगली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही!

* * *

मग किल्ल्या यायला लागल्या. आधी भूतवाल्याची आली. त्याच्या घरात सुईणबाई राहायला गेल्या. भुतानं तक्रार केली नाही. मग कौलवाल्याची, पोस्टमास्तरांसाठी. अडलं फक्त दादा राण्यांचं घर. अध्यक्ष ना!

एका दुपारी राणेवहिनी दुकानात आल्या आणि किल्ली टेबलावर ठेवली. "घ्या. गावात नवे डॉक्टर यायचेत ना, त्यांना द्या."

"दादांना विचारलंत?"

"आत्ताच विचारलं. काही बोलले नाहीत."

"दादा? आणि बोलले नाहीत?"

"कालच्या मोर्चात घोषणा देऊन घसा बसलाय," वहिनी हसल्या. "म्हणून तर आजच विचारलं!"

मुंबई अजून मिळायची होती. आमचं गाव मात्र उघडलं होतं.

* * *

त्या गणपतीत मी यशोदाबायबरोबरच एसटीनं गावी गेलो. कांबळेनं तोवर अकरावीची पोरं अशी तयार केली होती की शेजारचे आपणहून पोरांना त्याच्या ओटीवर पाठवत. पण गावाच्या पोटात एक प्रश्न होताच: मास्तर राहतो त्या घरात म्हातारी गणपती बसवणार का? आम्ही उतरलो, तर थांब्यापासूनच माणसं मागे चालायला लागली. दादा राणेही होते.

घरासमोर आलो. अंगण सारवलेलं. नवा कोयंडा. ओटीवर पोरांची पाटीदप्तरं. दार सताड उघडं, आणि आत दिवा.

म्हातारी पायरी चढली. ट्रंक खाली ठेवली. सगळे माना उंचावून बघतायत. तिनं उघड्या दाराची कडी हातात धरली आणि वाजवली. एकदा. दोनदा. चांगली खणखणीत!

आतून कांबळे धावत आला, हाताला खडू तसाच. "आजी! अहो, घर तुमचं, दार उघडं. कडी कसली वाजवता?"

यशोदाबायनं कडी परत एकदा वाजवली.

"वाजवूं दी रे," ती म्हणाली. "इतकी वर्सां वाजवक भितर होता कोण?"