अ‍ॅल्युमिनियमची तार

कुमुद देवस्थळी दिल्लीत पहाडगंजच्या एका मराठी शाळेत अकरावीला वाणिज्य शिकवायची. बाई शांत, मोजकं बोलणारी. पण भसीन हे नाव निघालं की तिचे ओठ घट्ट मिटायचे.

कारणही तसंच होतं. तिचे यजमान अविनाश नोएडातल्या एका शेडमध्ये व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवत. मालाचं नाव 'सुस्थिर'. नव्वदनंतर घरोघरी फ्रिज आले, द्वारका उपनगरात सोसायट्या उभ्या राहिल्या, वीज मात्र कधी पूर्ण दाबाने यायची नाही. माल हातोहात खपायचा. विकायचा भसीन, द्वारकेतला दुकानदार. एक दिवस तो अविनाशना म्हणाला, "तांबे की जगह अ‍ॅल्युमिनियम की तार डालो. ऊपर वार्निश, कौन देखता है?"

अविनाशनी साफ नकार दिला. मग भसीनने त्यांचा सगळ्यात चांगला कारागीर अंबादास फोडला आणि 'सुस्थिर' हे नावही स्वतःच्या नावाने रजिस्टर करून घेतलं. अविनाशनी ते कधी केलंच नव्हतं. पुढे भसीनच्या वर्कशॉपमधले अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचे डबे जळायला लागले आणि लोक शिव्या द्यायला अविनाशच्या दारात यायला लागले. शेड बंद पडली. अविनाश दुसऱ्याच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळायला लागले. घरी जेवताना मीठ मागायलाही तोंड उघडत नसत.

कुमुदने तीन वर्षं हे पाहिलं. मग एकोणीसशे नव्याण्णवच्या पावसाळ्यानंतर, 'व्यवसाय गरज भागवतो' हा धडा आला तेव्हा तिने पुस्तक मिटलं.

"द्वारकेत जा," ती वर्गाला म्हणाली. "चाळीस घरी विचारा. काय कमी पडतंय? आणि जे विकत घेतलंय, ते चालतंय का?"

द्वारकेतच राहणारी सलोनी पुढे झाली. आठवड्याने मुलं वह्या भरून परतली. पाणी नाही, बस नाही, आणि एकतीस घरांत 'सुस्थिर'. त्यातले एकोणीस जळालेले. लोकांनी पुन्हा भसीनकडूनच नवे घेतलेले.

"म्हणजे बाई, खराब माल विकूनच त्याचा धंदा वाढतोय?" सलोनीने विचारलं.

"कुठवर वाढेल?"

"लोकांना कळेपर्यंत."

"मग कळू दे," कुमुद म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याकडे हत्यारांची पेटी मागितली.

"सोड ना कुमुद. झालं ते झालं."

"तुम्ही सोडलंत. मी नाही सोडलं."

रविवारी सलोनीच्या सोसायटीच्या फाटकाशी मुलांनी टेबल मांडलं. जळालेला डबा आणा, आत काय आहे ते फुकट बघा. अविनाश आले, पण मागेच उभे राहिले. पहिला डबा उघडून सलोनीने तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि आतून पांढरा धातू चमकला. "तांबं असतं तर आतपर्यंत लाल असतं," ती म्हणाली. दुपारपर्यंत लोक डबे काखेत मारून भसीनच्या दुकानावर चालून गेले.

कुमुद समोरच्या ज्यूसवाल्याकडे उभी होती. भसीन काउंटरमागे हात जोडताना दिसत होता. तिने मोसंबीचा ग्लास सावकाश, तळापर्यंत संपवला. इतकं गोड तिला कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं.

आणखी दोन रविवार टेबल लागलं. मग भसीन शाळेत आला.

"मैडम, बच्चों से मेरा धंदा बंद करवाओगी?"

"बच्चे सिर्फ तार खुरचते हैं," कुमुद म्हणाली. "अंदर जो निकलता है, वो आपका डाला हुआ है."

दाराशी उभ्या सलोनीने सगळं ऐकलं. भसीन गेल्यावर तिने विचारलं, "बाई, ही गरज लोकांची होती की तुमची?"

कुमुद म्हणाली, "दोघांची. पण आधी माझी."

"मग आम्हाला आधीच सांगायचं ना."

"हो. ते चुकलं माझं." बाकी कशाचाही तिला पश्चात्ताप नव्हता, आणि तो तिने दाखवलाही नाही.

दिवाळीपूर्वी भसीनच्या दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. त्यानंतर एका सकाळी अंबादास दारात उभा राहिला. भसीनचं वर्कशॉप बंद झालं होतं, त्याच्यासकट पाच जण घरी बसले होते. या पाच जणांचा विचार कुमुदच्या मनात कधी आलाच नव्हता.

"आत ये," अविनाश म्हणाले. "कुमुद, चहा टाक."

तिने अंबादासच्या हातांकडे पाहिलं. जळालेल्या एकेका डब्यातली तार याच हातांनी गुंडाळली होती. "साखर संपलीय," ती म्हणाली. साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता.

अविनाश उठले आणि त्यांनी स्वतःच आधण ठेवलं. मग दोघं तारेच्या जाडीवर बोलत बसले. दर्यागंजात चांगलं तांबं कोणाकडे मिळतं, लहान फ्रिजच्या स्टॅबिलायझरला तारेचे किती फेरे लागतात, असं बरंच. तीन वर्षांत अविनाशचा आवाज एवढा वेळ घरात ऐकू आला नव्हता. कुमुद स्वयंपाकघरातून तो ऐकत राहिली. चहा झाल्यावर तिने एक कप भरून नवऱ्यापुढे ठेवला. अंबादासचा कप अविनाशना स्वतःच आणावा लागला.