मांजरांसाठी चपलांचं दुकान

कल्पना करा, तुमच्या हाती एक रिकामा गाळा दिलाय. रस्त्याकडे मोठी काच, आत लांबट खोली, मागे चिंचोळं स्वयंपाकघर. इथे माणसं कॉफी पितील आणि डझनभर मांजरं त्यांच्या अवतीभवती बागडतील, अशी मजेदार सजावट करायची आहे. तुम्ही काय कराल? निदान एखादं मांजर कसं बसतं, कुठे चढतं, ते तरी बघाल. आमच्या आत्याने तेवढीही तसदी घेतली नाही.

आत्या दुकानांची सजावट करते. दुकानांची म्हणजे चपलांच्या दुकानांची. पहिलं काम चपलांचं मिळालं, दुसरं त्याच दुकानदाराच्या मेव्हण्याचं, आणि मग बाई त्यातच रुतली. नातेवाईक पाठीमागे तिला ‘चपलावाली’ म्हणतात, आणि हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे मांजरांच्या कॅफेचं काम चालून आलं तेव्हा ती हरखून गेली. ‘हे जमलं तर पुढचे दोन कॅफेही तुमचेच,’ असं मालक म्हणाला होता. चपलांतून सुटायची एवढी एकच संधी होती.

आणि तिने काय केलं? भिंतभर फळ्या मारल्या, पुढच्या बाजूला उतरत्या, म्हणजे माल गिऱ्हाइकाला समोरून दिसतो. प्रत्येक फळीवर नेमका उजेड पाडणारा दिवा. जमिनीलगत गुडघ्याएवढे आरसे. बसायला बुटके, गुबगुबीत स्टूल. खेळकरपणा म्हणून फळ्यांना लोकरीचे गोंडे.

तिची चित्रं कॉम्प्युटरवर मी काढून देतो. आरसे बघून मी विचारलं, “आत्या, इथे जोडे कोण घालून बघणार आहे?”

“तू रेघा ओढ. सजावटीतलं तुला काय कळतंय?”

मालकही तिच्याच तोडीचा. आधी व्यायामशाळा चालवायचा, ती बुडवून मांजरांकडे वळला. मांजरांशी बोबडं बोलायचा आणि कामगारांवर खेकसायचा.

मांजरं आली. पहिलं ऐटीत फळीवर चढलं आणि नखांनी खरखर ओरखडे काढत सरळ खाली घसरलं. दुसऱ्याला आरशात शत्रू दिसला. ते फुगलं, फिस्कारलं आणि जाऊन काचेवर आपटलं. बाकीची स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली शिरली ती बाहेर येईनात. मालकाने हौसेने बोलावलेली मित्रमंडळी ओट्यापुढे गुडघ्यांवर ओणवी झाली, ढुंगणं वर आणि हातात फोन. असा देखावा मी तरी कुठल्याही कॅफेत बघितला नव्हता.

“मॅडम, माझी मांजरं घसरतायत,” मालक म्हणाला.

“घसरतायत? माझ्या फळ्यांवरून आजवर एक जोडा घसरला नाही.”

“जोड्यांना पाय नसतात, मॅडम.”

“तेच म्हणतेय मी. चार-चार पाय असून टिकता येत नाही, त्याला मी काय करू?”

“ते मला नका सांगू. रविवारी कॅफे उघडायचाय. तोवर मांजरं फळ्यांवर दिसली नाहीत, तर पुढची दोन कामं विसरा.”

फळ्या मारणारा सुतार तिथेच उभा होता. त्याने विचारलं, “मग फळ्या सपाट करू का, बाई?”

सपाट करणं म्हणजे चूक कबूल करणं. आत्याचं डोकं सटकलं. “सपाट नाही, उलट्या मार! उतार भिंतीकडे. पडू देत मेल्यांना बेचक्यात. तोंडंच दिसायला नकोत!”

सुताराला काय, त्याने स्क्रू काढले आणि फळ्या उलट्या मारल्या. आरशांवर मालकाने तपकिरी कागद चिकटवला.

संध्याकाळी ओट्याखालून एक मांजर निघालं, फळीवर चढलं, भिंतीशी झालेल्या त्या खळग्यात अंग मुडपून बसलं. मग दुसरं. मग सगळीच. यात आत्याची हुशारी शोधायला जाऊ नका. तो निव्वळ राग होता.

रविवारी लोक आले. त्यांना दिसलं काय? कुठे एक कान, कुठे लोंबणारं शेपूट. तरी चांगली कळती माणसं माना वर करून उभी. “अगं बघ, बघ, कान हलला!” एका बाईने चक्क टाळ्या वाजवल्या. टाय लावलेला एक गृहस्थ शेपटाचे फोटो काढत होता, आणि शेपूट हलेल या आशेवर त्याने दुसरी कॉफी मागवली.

मालक प्रत्येकाला सांगत सुटला, “मांजराला एकांत लागतो हो, ती माझीच कल्पना!” जाता जाता आत्याला म्हणाला, “मॅडम, पुढचे दोन्ही कॅफे तुमचे. पण फळ्या अश्शाच हव्यात.”

म्हणजे आत्या सुटली. आता तिला चपलावाली कोण म्हणणार? पण बाईच्या चेहऱ्यावर आनंदाचा पत्ता नाही. बुटक्या स्टुलावर बसून ती त्या शेपटांकडे आणि त्यांच्याकडे बघणाऱ्या माणसांकडे सारख्याच तिरस्काराने बघत होती. शेवटी माझी बाही ओढून म्हणाली,

“आयुष्यभर मी माल लोकांच्या नाकासमोर मांडला, तर बघायला कुणी थांबत नव्हतं. आणि ही इथे पाठ फिरवून पडलीयेत, तर माना मोडेस्तोवर बघतायत. का रे?”